पत्र संपेपर्यंत उठू नये

विश्रामबाग, सांगली
शनिवार

ती. नानांना पल्लवीचा वाकून नमस्कार.

आम्ही इथे सगळे खुशाल आहोत. तुमचा गुडघा कसा आहे हे विचारत नाही, कारण तुम्ही "बरा हाय" एवढंच सांगणार, आणि खरं काय ते शेजारच्या रंगुकाकींनी मला आधीच कळवलेलं असतं. बीपीची गोळी वेळेवर घेता का आणि आपला तांबडा कोंबडा अजून आल्यागेल्याच्या अंगावर धावतो का, हे मात्र मला जाणून घ्यायचं आहे. (कोंबड्याची चौकशी उगाच केलेली नाही.) हे पत्र ज्याच्या हातून मिळेल त्याला आधी पाणी द्या आणि मगच वाचायला बसा. तुमची पद्धत मला ठाऊक आहे. पुढच्या सोप्यात खुर्ची भिंतीला टेकवायची, चष्मा धोतराच्या सोग्याला पुसायचा, ओळीखाली बोट धरून मोठ्यानं वाचायचं आणि सही येईपर्यंत जागचं हलायचं नाही. उभी नोकरी सैन्यात वायरलेसवर गेलेल्या माणसाची ती शिस्त. अर्धा निरोप वाचून उठणारा माणूस तुमच्या लेखी पळपुटाच. आजही तसंच वाचा. पत्र जरा लांब आहे. मध्येच मागच्या बाजूला कुत्रं भुंकलं तर भुंकू द्या, त्याला दुसरं काम नाही.

तुम्ही म्हणाल, फोन असताना पत्र कशाला. नाना, फोनवर तुम्ही अजून सीमेवरच असता. मी "कसे आहात" म्हणायच्या आत "ठीक. पुढं?" असं येतं, आणि मी पुढचं जुळवेपर्यंत फोन बंद. गेल्या महिन्यात मात्र तुम्ही स्वतःहून फोन करून मला तीनदा विचारलंत, की त्या जयराजचं, माझ्या ऑफिसातल्या पोराचं, पाण्याचं भांडण मिटलं का. तीनही वेळा मी "मिटलं" म्हणून सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. आज सगळं सविस्तर लिहिते.

त्याआधी एक. आपलं आलं अजून जमिनीतच आहे, मजूर मिळत नाहीत, वळीव तोंडावर आलाय आणि एकदा पाणी साचलं की सगळे कंद कुजणार, हे रंगुकाकींनी सांगितलं. भावकीतले चौघं पैऱ्यानं काढून देतो म्हणून दारात आले, तर तुम्ही त्यांना चहा पाजून परत लावलंत हेही सांगितलं. "तुमच्या रानात कुदळ मारायला आता माझा गुडघा येत न्हाई, मग तुमची कुदळ मी कशी घिऊ? जे फेडता येत न्हाई ते घ्यायचं न्हाई." वर्षभर जपलेलं पीक डोळ्यांदेखत कुजलं तरी चालेल, पण कुणाचा एक दिवस अंगावर नको, असा तुमचा बाणा. यावर मी या पत्रात एक अक्षर बोलणार नाही. पत्र फक्त जयराजविषयी आहे. चहा निवत असेल तर पिऊन घ्या, पण बसल्या जागी.

तर आमची कंपनी म्हणजे विश्रामबागेत एका दवाखान्याच्या वरचे दोन गाळे. (पहिले चार महिने लोक माझ्याकडे बघून "कुठं दुखतं?" विचारायचे.) मी फॉक्सप्रोमध्ये पतसंस्थांचे आणि कारखान्यांचे हिशेब लिहिण्यात वीस वर्षं काढली, हे तुम्हाला माहीत आहे. आता ती भाषा मेली. माणसाची भाषा मरायला पिढ्या लागतात, कॉम्प्युटरची भाषा आपलं पोर दहावीला जाईपर्यंत मरते, आणि मग पंचेचाळिसाव्या वर्षी शाळेत पहिल्या बाकावर जाऊन बसावं लागतं. साहेबांनी जत तालुक्यातल्या चार वस्त्यांचं काम आणलं. तिथल्या पाण्याच्या टाक्यांवर एकेक डबी बसवायची, पाणी खुणेखाली गेलं की डबी आमच्या कॉम्प्युटरला कळवणार आणि कॉम्प्युटर टँकरवाल्याच्या मोबाइलवर निरोप धाडणार. हे सगळं लुआ नावाच्या भाषेत होतं. ही भाषा ब्राझील देशातली. लुआ म्हणजे त्यांच्याकडे चंद्र. भाषा लहान आहे, गुणी आहे, पण आपल्याकडे फारशी कुणाला येत नाही. आमच्यात ज्या एका मुलाला ती येत होती, तो काम अर्ध्यावर आल्यावर पुण्याला निघून गेला. मागे उरलो चौघं. मी, जयराज, यंदाच कॉलेजातून बाहेर पडलेली सोनम, आणि जतचाच विश्वजित, ज्याच्या घरात मागच्या पिढीपर्यंत मेंढरं होती आणि जो चिडला की कन्नडात बोलतो.

आता खरी गंमत. साहेबांनी विचारलं, लुआ कुणाला येते? चौघांनी माना हलवल्या. नेमक्या कुठल्या दिशेनं हलवल्या ते साहेबांना कळलं नाही, आम्हालाही नाही. त्यानंतर पंधरा दिवस ऑफिसात अशी शांतता होती की खालच्या दवाखान्यातलं बाळ शिंकलं तरी ऐकू यावं. सोनम जिन्यात उभी राहून मोबाइलवर शिकायची. विश्वजित कानाला हेडफोन लावून "व्हतंय, व्हतंय" म्हणायचा. जयराज पडदा आमच्याकडून फिरवून बसायचा आणि मधूनच हसायचा, म्हणजे आम्हाला वाटावं की याला सगळं सोपं जातंय. मी घरी कुकरच्या शिट्ट्या मोजत स्वयंपाकघरात शिकायचे. चौघंही एकाच ठिकाणी अडलेलो होतो, पण चौघांना वाटत होतं की आपण एकटेच अडलोय. मदत मागितली तर आपल्याला येत नाही हे कळेल, एवढीच भीती. (असा एक माणूस मी लहानपणापासून ओळखते. पण ते असो.)

शेवटी मी जगभरचे लुआवाले इंटरनेटवर जिथे जमतात तिथे प्रश्न विचारायचं ठरवलं. तिथे लोक प्रश्न विचारतात ते दारावर लाथ मारल्यासारखे. चालत नाही, का? संपलं. मला ते जमेना. तुम्ही मला पत्र लिहायला शिकवलंय. मी लिहिलं, सर्व ज्येष्ठांना सांगलीहून नमस्कार, आपण आणि आपल्या घरची मंडळी सुखरूप असतील अशी आशा करते, मी एक मध्यमवयीन बाई असून तुमच्या भाषेत नवी आहे. मग आमच्याकडच्या उन्हाळ्याबद्दल चार ओळी लिहिल्या आणि शेवटी प्रश्न. जयराजनं ते पाहिलं आणि टेबलावर डोकं ठेवून हसला. "ताई, लग्नाचं आमंत्रण हाय का हे?" दुसऱ्या दिवशी ब्राझीलमधल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचं भलंमोठं उत्तर आलं. त्यांनी आधी बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची हकीगत लिहिली होती, मग तिकडच्या पावसाविषयी लिहिलं होतं, आणि मग माझी चूक इतक्या मायेनं समजावली होती की मला भरून आलं. खाली एक ओळ होती. तुम्हाला पुढे कुणी विचारलं तर तुम्हीही असंच सांगा, माझं देणं फिटलं.

नाना, ती ओळ वाचली आणि मला आपलं रान दिसलं. हा तर पैरा. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. कागद नाही, पैसा नाही, नुसती आठवण. मी त्याच दुपारी तिघांना गच्चीवर बोलावलं आणि सांगून टाकलं की मला लुआ येत नाही. मग सोनम म्हणाली, "मॅडम, मलाबी न्हाई." तिला रडू आलं आणि हसूही आलं. विश्वजित कन्नडात काहीतरी म्हणाला, बहुतेक तेच. जयराज म्हणाला, "मला तशी येते, पण तुमच्यासाठी बसतो."

तर आमचा पैरा लागला. नियम सगळे आपल्याकडचेच. ज्याचं काम अडलं त्यानं पाळी बोलवायची, बाकीच्यांनी हातातलं टाकून त्याच्यापाशी बसायचं. ज्याचं रान, कासरा त्याच्याच हातात. म्हणजे दुसऱ्याच्या कीबोर्डला बोट लावायचं नाही, तोंडानं काय सांगायचं ते सांगा. जेवण रानमालकाचं. आणि सगळ्यात मोठा नियम हा की पाळी पाळीनंच फिटते, पैशानं नाही की पेढ्यानं नाही. सोनमच्या पाळीला भडंग असायचं, विश्वजितच्या पाळीला त्याच्या आत्यानं जतहून पाठवलेली कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. माझी पाळी लागली तेव्हा मी भरलं वांगं नेलं आणि दुपारभर तिघांनी मला शब्दांनी हाकलत हाकलत बांधापर्यंत नेलं. संध्याकाळी माझ्या हातचा पहिला निरोप विश्वजितच्या मोबाइलवर वाजला, "टाकी रिकामी, टँकर पाठवा." नाना, मला तुमच्या पदकाच्या दिवशी तुम्हाला कसं वाटलं असेल ते कळलं. फरक इतकाच की तुमच्या वेळी बँड होता, माझ्या वेळी खाली दवाखान्यात कुणीतरी गुळण्या करत होतं.

फक्त जयराजची पाळी कधी लागली नाही. सगळ्यांच्या पाळीला तो हजर, जीव तोडून शिकवायचा, पण स्वतःचं काही अडलंच नाही. चौघांनी चार वस्त्यांचं वाटून घेतलेलं, ते तुकडे जोडायचं काम त्याच्याकडे होतं. झालं का रे, विचारलं की "झालंच." आणि एके दिवशी साहेबांनी ते जतला सुरू केलं.

दुपारी विश्वजितला त्याच्या आत्याचा, धोंडुबाईंचा, फोन आला. त्यांच्या वस्तीवरची टाकी काठोकाठ भरलेली, आणि दारात तिसरा टँकर उभा. पहिल्याचं पाणी त्यांनी टाकीत घेतलं, दुसऱ्याचं हंडे, घमेली, काहिली आणि नातीच्या अंघोळीच्या टबात घेतलं, आणि तिसऱ्याला बघून म्हणाल्या, "आरं विश्वा, जल्माला पाणी बघितलं न्हाई तवा आज कुणाच्या कोपानं आलंय हे? मेंढरास्नी पवायला शिकवू व्हय आता?" पलीकडच्या वस्तीची टाकी खरोखर रिकामी होती. तिला जुन्याच पद्धतीनं, म्हणजे ग्रामसेवकाला शिव्या घालून, पाणी मिळालं. साहेबांनी शांतपणे सांगितलं, सोमवारपर्यंत दुरुस्त झालं नाही तर हे काम पुण्याला देऊ. मग आम्हा चौघांचं काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

जयराज दोन दिवस जेवला नाही. आम्ही म्हटलं, पाळी लाव. नाही म्हणाला. मी तुम्हाला सगळं शिकवलं आणि तुम्हीच आता माझं उचकटून बघणार, असं त्याच्या तोंडावर लिहिलेलं. शनिवारी मी त्याला जिन्यात गाठलं. म्हटलं, आम्हाला सांगू नकोस. ज्याला यातलं काही कळत नाही, ज्याला तुझं तोंड दिसत नाही, अशा कुणाला तरी पहिल्यापासून सांग. नुसतं सांगताना आपली चूक आपल्याला दिसते, ही आमच्या धंद्यातली जुनी युक्ती आहे. परदेशात लोक त्यासाठी टेबलावर रबराचं बदक ठेवतात आणि त्याला सगळं सांगतात. माझ्याकडे बदक नव्हतं. मी तुम्हाला फोन लावला. (रागावू नका. बदकापेक्षा तुम्ही पुष्कळ चांगले निघालात.)

तुम्हाला मी एवढंच सांगितलं होतं की ऑफिसातला एक पोरगा अडचणीत आहे, त्याचं ऐकून घ्या. जयराजनं फोन स्पीकरवर टाकला आणि पायरीवर बसून सुरुवात केली. सुरुवातीला तो लाजला. पण तुमचं ते "हं. पुढं." येत राहिलं, न चिडता, न घाई करता, आणि त्याचा आवाज हळूहळू सरळ झाला. काका, चार वस्त्या हायत. हं, पुढं. चौघांनी आपापलं पाणी मोजायचं. हं, पुढं. मोजलं की ते 'पाणी' या नावाखाली ठेवायचं. आणि तिथे तुम्ही पहिल्यांदाच दुसरं काही बोललात.

"थांब. पाणी कुणाचं ते म्हणाला न्हाईस. चौघांचं एकच का निरनिराळं?"

मी वरच्या पायरीवर उभी होते, मला त्याचा कान लाल होताना दिसला. लुआत अशी रीत आहे, नाना, की एखादी गोष्ट आपली आहे असं आधी सांगितलं नाही तर ती साऱ्या गावाची होते. आम्ही चौघांनी, कुणी कुणाला न विचारता, आपापल्या वस्तीच्या मापाला 'पाणी' हेच नाव दिलं होतं, आणि हे माझं असं एकानंही लिहिलं नव्हतं. पैऱ्यात कुणी माझं-तुझं लिहितं का? त्यामुळे एकाचं माप दुसऱ्याच्या नावावर पडायचं, आणि टाकी एका वस्तीची रिकामी झाली की टँकर दुसरीच्याच दारात जायचा. चूक एकट्या जयराजची नव्हतीच, चौघांची होती, आणि ती लपवून दोन दिवस उपाशी तो एकटा राहिला होता.

तुम्ही तिकडून "हॅलो, लाइन तुटली काय?" म्हणत होतात. तुम्हाला वाटलं भावकीत पाटाच्या पाण्यावरून जुंपलीय. "हे बघ पोरा," तुम्ही म्हणालात, "बांधावर जाऊन भांडू नगंस. बसून ठरवा, हे तुझं, हे माझं, आन् एकमेकांचं राखा." जयराज म्हणाला, "व्हय काका, तसंच करतो," आणि चपला पायरीवर टाकून वर पळाला. पण खुर्चीवर बसला नाही. आमच्या तिघांसमोर उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "माझी पाळी लावता का?" आम्ही लावली. चारही पाण्यांच्या आधी 'हे माझं' असं सांगणारा एकेक शब्द पडला, आणि जेवणाला त्यानं कोपऱ्यावरचा वडापाव आणला, कारण दुसरं काही आणायला त्याला वेळच कुठे होता.

सोमवारपासून जतला टँकर जिथे हवा तिथेच जातो. धोंडुबाईंची तक्रार एवढीच की आता फार शहाणा झालाय, एक चक्कर जास्त मारत नाही. साहेबांनी दुसरं काम आणलंय, तेही लुआतच. परवा मिरजेच्या एका मुलीनं तिकडे इंटरनेटवर प्रश्न विचारला, तर मी तिला आधी घरची खुशाली विचारली आणि मग उत्तर दिलं. मला अभिमान वाटतो, नाना. भाषा शिकले याचा वाटतोच. पण जिन्यात लपून शिकणारी चार माणसं एका ताटात जेवायला लागली, आणि ते मी आपल्या रानातून उचलून इथे आणलं, याचा जास्त वाटतो. लहानपणी तुम्ही सुट्टीवर आलात की पहिल्या दिवशी दुसऱ्याच्या रानात जायचात आणि आई चिडायची. मला आता कळतं, तुम्ही कुणाचं फेडायला जात नव्हतात. तुम्हाला तिथे, सगळ्यांत असायला हवं असायचं.

बाकी सर्व क्षेम. रंगुकाकींना नमस्कार.

तुमची,
पल्लवी

ता. क. सही आली तरी उठू नका, खाली अजून आहे. आमच्या पैऱ्यात परवा मोजदाद झाली. चौघांच्या पाळ्या एकमेकांच्या फिटलेल्या आहेत, पण एका गड्याची एक पाळी सगळ्यांच्या अंगावर बाकी निघते. त्या गड्यानं मागे एका शनिवारी पाऊण तास फोनवर राबून आमचं काम वाचवलं आणि अजून त्याला कुणी फेडलेलं नाही. पैशानं फिटत नाही, पेढ्यानं फिटत नाही, हे वर लिहिलंच आहे. जे फेडता येत नाही ते घेऊ नये, हा तुमचा नियम. मग ज्यांना फेडता येतं त्यांना फेडू न देणं कुठल्या नियमात बसतं? तुम्हाला कुणी मदत करत नाहीये. तुम्ही वसुली करताय.

ता. क. दुसरा. जेवण रानमालकाचं, हा नियम आम्ही मोडलेला नाही. तांबडा कोंबडा पहाटेपासून दिसला नसेल. तो रंगुकाकींच्या चुलीवर आहे. "भाऊजींच्या मिशीचा एक केस जरी थरथरला तरी मी जबाबदार न्हाई," असं त्या म्हणाल्या आहेत. सोनम रस्सा खात नाही, तिच्यासाठी पिठलं टाकायला तेवढं सांगा.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. हे पत्र पोस्टानं आलेलं नाही. तुम्ही ज्याला पाणी दिलंत तो जयराज. भांडण कसं मिटलं ते आता त्यालाच विचारा. मला चार ओळींत लिहिता आलं असतं, पण तुम्ही संपल्याशिवाय उठत नाही हे माहीत असल्यामुळे जमेल तेवढं लांबवलं. आल्याच्या दोन सऱ्या तरी आतापर्यंत निघाल्या असतील; विश्वजितला कुदळ चांगली येते, बाकी आम्ही गड्डे फोडतोय, तेव्हा लवकर येऊन ओरडा. कुत्रं भुंकत होतं ते आमच्यावरच. आता उठा, मागचं दार उघडा आणि बांधावर खुर्ची घेऊन या. पहिल्या ओळीत वाकून नमस्कार लिहिलाय तो नुसता लिहायचा म्हणून नाही. मी तिथेच आहे, वाकलेली.